केंब्रिजचे आठ पंच

सिंथेटिक बायोलॉजीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण २०१०पासून सुरुवात करतात. त्या वर्षी क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने संगणकावर लिहिलेला १०.८ लाख अक्षरांचा जीनोम रसायनांतून बांधला, एका जीवाणूत घातला आणि तो जीवाणू वाढू लागला. झेप मोठी होती, यात शंका नाही. पण या शास्त्राच्या आशेचा आणि भयाचा विचार करताना माझं मन दर वेळी १९७६ सालाकडे, अमेरिकेतल्या केंब्रिज शहराच्या नगरपालिकेकडे वळतं. तिथे जे घडलं ते पुन्हा क्वचितच घडलं, म्हणून हे प्रकरण कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही.

एका जीवाचा डीएनए कापून दुसऱ्यात जोडण्याची युक्ती तेव्हा नवी होती. तिच्या धोक्यांवर शास्त्रज्ञांनी भरवलेली असिलोमारची परिषद होऊन गेली होती आणि शास्त्रज्ञांनी आपणहून घालून घेतलेल्या मर्यादा कागदावर उतरत होत्या. अशात केंब्रिजमधल्या हार्वर्ड विद्यापीठाने जीवशास्त्र विभागाच्या जुन्या इमारतीत पी-थ्री दर्जाची, म्हणजे मध्यम धोक्याच्या प्रयोगांसाठी बंदिस्त केलेली प्रयोगशाळा बांधायचं ठरवलं. इमारतीत मुंग्या आणि झुरळं अशी मुरलेली की कशानेही हटत नव्हती. पहिलं भांडण विभागातच पेटलं. नोबेल मिळालेले जॉर्ज वॉल्ड आणि त्यांच्या पत्नी, जीवशास्त्रज्ञ रूथ हबर्ड, विरोधात उभे राहिले. हार्वर्डचेच शास्त्रज्ञ मार्क टाश्ने प्रयोगशाळेच्या बाजूने. एका स्थानिक साप्ताहिकात बातमी आली आणि भांडण महापौरांच्या टेबलावर पोचलं.

महापौर होते आल्फ्रेड वेलूची. ईस्ट केंब्रिजच्या कामकरी इटालियन वस्तीतला हा माणूस वर्षानुवर्षं हार्वर्डशी झुंजत आला होता. विद्यापीठाचं प्रसिद्ध आवार फरसबंद करून तिथे गाड्यांचा वाहनतळ करावा, असा प्रस्ताव त्याने एकदा मांडला होता. अमेरिकेच्या विज्ञान-इतिहासात वेलूची येतो तो विदूषक म्हणून, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे असं मला ठामपणे वाटतं.

२३ जून १९७६. योगायोग असा की राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, आपली नियमावली त्याच दिवशी जाहीर केली. नगरपालिकेचं सभागृह खच्चून भरलेलं. शाळेतल्या मुलांच्या गायनाने सभा सुरू झाली. मग वेलूचीने शास्त्रज्ञांना बजावलं की आद्याक्षरांची भाषा बंद करा, इथे बसलेले आम्ही बहुतेक जण साधी माणसं आहोत. आणि एकामागून एक प्रश्न. शंभर टक्के हमी देता का? अपघात झाला तर कळणार कसं? कळलं तर आवरणार कोण? हमी कोणीच देऊ शकलं नाही, कारण प्रामाणिक शास्त्रज्ञाला ती देताच येत नाही. वेलूचीला दोन वर्षांची बंदी हवी होती. ७ जुलैला नगरपालिकेने वरच्या दोन दर्जांच्या प्रयोगांना तीन महिन्यांची स्थगिती दिली, पुढे ती वाढवली आणि एक नागरिक समिती नेमली.

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते ही समिती आहे. तिच्यावर आठ माणसं होती, चार स्त्रिया आणि चार पुरुष. अध्यक्ष डॅनियल हेज हे माजी महापौर, व्यवसाय घरं तापवण्याचं तेल विकण्याचा. सिस्टर मेरी ल्यूसिल बनाक या नन आणि परिचारिका. आणखी एक परिचारिका, एक वस्तीपातळीवरची कार्यकर्ती, एक माजी नगरसेविका, एक डॉक्टर, टफ्ट्‌स विद्यापीठातले शेल्डन क्रिम्स्की आणि इमारतींचे संरचना अभियंता विल्यम लमेझरिए. जनुकं जोडणारं यात एकही नव्हतं, आणि ही निवड जाणूनबुजून केलेली होती. शरद ऋतूभर ही माणसं कामधंदा सांभाळून बसली, शंभर तासांच्या आसपास साक्षी आणि चर्चा केल्या. एकदा तर त्यांनी दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना समोरासमोर उभं करून खटलाच चालवला आणि स्वतः पंच होऊन ऐकलं.

जानेवारी १९७७मध्ये अहवाल आला, तोही एकमताने. संशोधन चालू द्यावं, पण एनआयएचच्या नियमांवर शहराच्या आणखी काही अटी असाव्यात: काम करणाऱ्यांना प्रशिक्षण, त्यांच्या प्रकृतीवर लक्ष, प्रयोगातले जीवाणू बाहेर निसटून जगतात का याची तपासणी, आणि संस्थेच्या सुरक्षा समितीवर गावातला, त्या कामात आर्थिक हितसंबंध नसलेला माणूस. अहवालातलं एक विधान मला अजून खिळवून ठेवतं. त्याचा आशय असा: ज्ञानासाठी असो की लाभासाठी, जाणत्या नागरिकांनी धोका पत्करायची तयारी दाखवली नसेल तर तो लोकांवर लादण्याचं समर्थन होऊ शकत नाही. नोबेलविजेत्यांच्या शहरात तेल विकणाऱ्या माणसाच्या अध्यक्षतेखाली हे लिहिलं गेलं. फेब्रुवारीत त्याचा स्थानिक कायदा झाला, अमेरिकेतला या विषयावरचा पहिलाच.

वेलूचीचं समाधान झालं नाही. मे १९७७मध्ये त्याने राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिलं. डोव्हर गावात नारिंगी डोळ्यांचा विचित्र प्राणी आणि न्यू हॅम्पशरमधल्या हॉलिसमध्ये नऊ फुटी केसाळ प्राणी दिसल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या होत्या. त्यांचा या प्रयोगांशी काही संबंध आहे का याची चौकशी करावी, अशी त्यात विनंती होती. हे पत्र पुढे हसण्यासाठीच उद्धृत होत राहिलं. प्राणी ही अफवा होती, हे उघडच आहे. पण शहराच्या प्रमुखाने लेखी विचारलं, तेही उत्तर द्यायला बांधील असावी अशा संस्थेला. हे पत्र आणि समितीचा अहवाल मी एकाच शहराची कागदपत्रं म्हणून वाचतो. भीती पत्रात आली, तिची शहानिशा करायची रीत अहवालात.

समितीवरचे अभियंता लमेझरिए यांच्याबद्दल वाचताना मला जे सापडलं त्याने मी हादरलो. न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीची संरचना त्यांचीच. १९७८मध्ये, म्हणजे समितीचं काम संपून दीडेक वर्ष झाल्यावर, त्यांच्या ध्यानात आलं की तिरक्या वाऱ्यांचा पुरेसा हिशोब झालेला नाही आणि सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टवर सोडलेले आहेत. मोठ्या वादळात इमारत कोसळू शकते. त्यांनी स्वतः मालकांना सांगितलं, आणि हे धैर्य मोठं होतं. मग कित्येक रात्री वेल्डरांनी सांध्यांवर पोलादी पट्ट्या चढवल्या. आसपास राहणाऱ्या हजारो लोकांना धोक्याची कल्पनाही दिली गेली नाही. त्या दिवसांत न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचा संप होता. ही हकिगत १९९५मध्ये एका साप्ताहिकातून बाहेर आली. जाणत्या नागरिकांच्या संमतीवर सही करणारा माणूस स्वतःच्या इमारतीबाबत त्या नागरिकांना अंधारात ठेवण्यात सामील झाला, हे मला पचवता येत नाही. माणूस चांगला आहे एवढ्यावर विसंबता येत नाही, असं मी म्हणतो ते लमेझरिएंमुळे.

आता जनुकांकडे. १९७६च्या त्याच उन्हाळ्यात, त्याच केंब्रिजमधल्या एमआयटीत, हरगोविंद खोराना यांच्या गटाने २०७ अक्षरांचं एक जनुक सुट्या रसायनांतून बांधून पुरं केलं आणि ते जीवाणूत काम करतं हे दाखवलं. ऑगस्टमध्ये ते जाहीर झालं. नऊ वर्षांचे कष्ट होते ते. नगरपालिकेतला वाद मात्र सगळा कापण्या-जोडण्याबद्दल चालला होता. कोऱ्या कागदावर लिहिलेल्या जनुकाबद्दल फारसं कोणी बोलत नव्हतं.

ही फट दोन वर्षांत उघडी पडली. इन्शुलिनचं मानवी जनुक जीवाणूत घालण्याची शर्यत लागली होती. हार्वर्डचे वॉल्टर गिल्बर्ट यांना नियमांनुसार सर्वांत कडक दर्जाची प्रयोगशाळा लागणार होती, म्हणून १९७८मध्ये ते इंग्लंडमधल्या पोर्टन डाउनच्या लष्करी केंद्रात जाऊन राबले, आणि शेवटी हाती आलं ते उंदराचं जनुक. तोवर कॅलिफोर्नियात इताकुरा आणि रिग्ज या शास्त्रज्ञांनी जेनेन्टेक कंपनीसाठी मानवी इन्शुलिनची जनुकं रसायनांतून बांधली होती. हा मानवी पेशीतून काढलेला डीएनए नव्हता, त्यामुळे नियमांचा तो काच त्यांना लागला नाही. ६ सप्टेंबर १९७८ला यश जाहीर झालं, १९८२मध्ये औषध बाजारात आलं. डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडावर विसंबणाऱ्या मधुमेहींना त्याने केवढा आधार दिला, हे सांगायची गरज नाही. आशा आणि पळवाट एकाच बाटलीतून आली. एनआयएचने नियमावलीच्या नावात ‘संश्लेषित’ हा शब्द घातला तो २०१३मध्ये.

मधल्या काळात डीएनएची अक्षरं स्वस्त झाली आणि टपालाने येऊ लागली. २००२मध्ये एकार्ट विमर यांच्या गटाने पोलिओचा विषाणू, सुमारे ७,५०० अक्षरं, निव्वळ लिखित माहितीवरून बांधला. २०१८मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून घोड्यांच्या देवीचा विषाणू बांधल्याचा निबंध आला. तुकडे एका कंपनीकडून मागवलेले, खर्च सुमारे एक लाख डॉलर. देवी जगातून हटल्याचं जाहीर झालं १९८०मध्ये, आणि तिच्या भाऊबंदाला रसायनांतून उभं करण्याची वाट आता छापून झाली आहे. मागणी आलेला तुकडा धोकादायक विषाणूचा तर नाही ना, हे बऱ्याच कंपन्या तपासतात, पण बहुतेक ठिकाणी स्वखुशीने. लस लवकर बनण्याचा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. निबंध छापावा की नाही हे मात्र लेखक आणि संपादकांनी ठरवलं. गावोगाव देवी टोचत फिरलेल्या कर्मचाऱ्याला कोणी विचारलं नाही.

आशेच्या बाजूलाही न विचारलेले लोक आहेतच. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचं पूर्वद्रव्य यीस्टमध्ये बनवण्याचं संशोधक जे कीसलिंग यांचं काम सिंथेटिक बायोलॉजीचा मानाचा तुरा मानलं जातं. सनोफी या औषध कंपनीने त्यासाठी इटलीत गारेसियोला कारखाना चालवला. पण चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी पिकवलेल्या वनस्पतीपासूनचं द्रव्य स्वस्त पडलं, आणि २०१६मध्ये कारखाना विकला गेला. यीस्ट जिंकलं असतं तर त्या शेतकऱ्यांचं काय झालं असतं, हा प्रश्न प्रकल्प आखताना मुख्य नव्हता.

आपल्याकडे या प्रश्नांची एक सभा झाली होती. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या जनुक बदललेल्या बीटी वांग्यावर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१०च्या सुरुवातीला सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात नागपूर होतं. ९ फेब्रुवारीला स्थगिती आली. सुनावणीत लोक बोलले हे चांगलंच, पण प्रत्येक ठिकाणी ती एका दिवसाची. महिनोन्‌महिने साक्षी ऐकून, समजून, लेखी निकाल देणारे पंच तिथे नव्हते, आणि स्थगितीपुढे काय याचं उत्तरही त्यामुळे नागरिकांकडून आलं नाही.

आपल्या कायद्यात तशी जागा आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांत गरज असेल तिथे जिल्हा समिती नेमायची तरतूद आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत कारखाना निरीक्षक, प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी, वैद्यकीय अधिकारी, कृषी अधिकारी. सगळे सरकारी. आज पुण्यात जेनोवा कंपनीने एमआरएनए लस बनवली आहे, केंद्राने २०२४मध्ये जैवउत्पादनासाठी बायोई-थ्री धोरण मंजूर केलं आहे. हे काम इथे वाढणार आणि वाढावं, असंच मला वाटतं. म्हणूनच पुणे आणि जालना या दोन जिल्ह्यांत ही समिती आधी बसवावी, आणि नियमात दुरुस्ती करून तिच्यावर एक परिचारिका, एक शेतकरी, एक शिक्षिका आणि कारखान्याशेजारच्या वस्तीतलं एक माणूस घ्यावं. त्यांना कागदपत्रं मराठीत द्यावीत, शास्त्रज्ञांना उलट प्रश्न विचारायला सहा महिने द्यावेत, आणि त्यांचा अहवाल छापून ग्रामपंचायतींत ठेवावा.