वणवा, वही आणि कार्ययोजना

सकाळी ६
नेपाळच्या काभ्रे जिल्ह्यात चैत लागला की वणव्यांची धास्ती असते. सामुदायिक वन उपभोक्ता महासंघाच्या जिल्हा शाखेतली कार्यकर्ती चहा ठेवते तोच फोन वाजतो. इथले उघडेबोडके डोंगर नेपाळ-ऑस्ट्रेलिया वनप्रकल्पात गावकऱ्यांनी सल्ला, म्हणजे चीड, लावून हिरवे केले. आता त्याच झाडांखाली वाळलेल्या सुयांचा थर साचतो. राळेमुळे तो क्षणात पेट घेतो.

“दिदी, वरच्या अंगाला धूर दिसतोय. तरणी पोरं सगळी कतार-मलेशियात, आम्ही बायकाच आहोत.”

“आगीच्या वर कुणी थांबू नका. आडव्या वाटेवरच्या सुया झाडून पट्टा मोकळा करा, ओल्या फांद्या हाताशी ठेवा. मी माणसं पाठवते.”

वन कार्यालयाला कळवून ती शेजारच्या दोन गावांच्या गटांना उठवते. ते जंगल त्यांचं नव्हे, तरी ते निघतात. महासंघ बांधण्यामागचा अर्थ मला इथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

सकाळी १०
डाळभात उरकून कार्यालय. १९९३च्या वन कायद्याने गावगटांना जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क दिला. १९९५ साली त्या गटांनी हा देशव्यापी महासंघ उभारला. आज देशात बावीस हजारांहून अधिक गट आहेत. १९९२च्या सुमारास देशाच्या २६ टक्के भूमीवर जंगल होतं, २०१६पर्यंत ते ४५ टक्क्यांवर गेलं. गावं ओस पडून पडीक शेतांत झाडं उगवली, हेही त्यामागचं एक कारण. पण हक्क हातात नसता तर लोकांनी रात्री-अपरात्री पहारा दिला नसता, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे कोरचीच्या ग्रामसभांनी तालुक्याची महाग्रामसभा बांधली, तीही याच वाटेवर आहे.

सकाळी ११
एका गटाची बैठक. कार्ययोजनेची मुदत संपत आली आहे. नवी मंजूर झाली नाही, तर स्वतः वाढवलेल्या जंगलातलं लाकूडही कायद्याने तोडता येत नाही. त्यासाठी आधी झाडांची मोजणी हवी: जंगलात नमुन्याचे तुकडे आखायचे, छातीच्या उंचीवर फीत गुंडाळून घेर घ्यायचा, जात आणि उंची वहीत लिहायची. रेंजर थोडे, गट फार. म्हणून महासंघ गावातल्याच मुलींना हे काम शिकवतो.

खरा वाद पेटतो तो कोळशावरून. एक कामी, म्हणजे लोहार, उठून उभा राहतो. “विळे-कुदळी सगळ्यांना माझ्याकडूनच हव्यात, आणि माझी भट्टी मात्र विझलेली. कोळसा पाडू दिला नाही तर करू काय?” समितीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणतात, “कोळशाला मुभा दिली की उद्या जंगल साफ!” दोघांचीही भीती खरी आहे. दिदी सामुदायिक वनाची मार्गदर्शिका उघडते. गटाच्या मिळकतीतला ठरावीक वाटा गरीब घरांसाठी, समितीत निम्म्या बाया, अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक पद बाईकडे. सचिव असलेली बाई तोडगा मांडते: विरळणीतलं आणि वाळून पडलेलं लाकूड आधी भट्टीला, ठरलेल्या जागीच कोळसा पाडायचा, तोही आगीचे महिने सोडून. तासभर घासाघीस होते. शेवटी हे कलम मसुद्यात लिहिलं जातं, आणि तो माणूस लिहिलेलं स्वतः वाचून घेतो. जंगल राखायचा भार ज्यांच्या चुलीवर आणि भट्टीवर पडतो, त्यांना आधी विचारायला हवं. वर्षानुवर्षं ते झालेलं नाही.

दुपारी ३
पालिकेत. २०१५च्या संविधानानंतर संघ, प्रदेश आणि स्थानिक अशी तीन सरकारं झाली आणि विकलेल्या लाकडावर एकाहून अधिक ठिकाणांहून कराची मागणी येऊ लागली. दिदी निवेदन देऊन पोच घेते.

संध्याकाळी ५
वणवा पट्ट्यापाशी अडला. कुणाला इजा नाही.

संध्याकाळी ७
महासंघाच्या केंद्रीय कार्यालयाला फोन. मुदत संपत आलेल्या गटांची यादी ती वाचून दाखवते, करांचे कागद पाठवते. पावसाळ्याआधी मोजणी उरकायची आहे आणि फिती कमी आहेत. पलीकडून आणखी फिती पाठवायचं कबूल होतं. लोहाराच्या गटाचं नाव ती यादीत सर्वांत वर घेते.