डिस्कोचं दार

आपल्याकडे डिस्को म्हटलं की १९८२ चा ‘डिस्को डान्सर’ आठवतो आणि चमचमत्या कपड्यांतला मिथुन आठवतो. पण तोवर अमेरिकेत डिस्कोची अंत्ययात्रा काढून तीन वर्षं झाली होती! आज आपण त्याच्या आधीच्या काळाबद्दल बोलणार आहोत, आणि मुख्यतः एकाच प्रश्नाबद्दल: नाचायला आत कोणाला घ्यायचं?

न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून कॅबरे कायदा होता. खाणंपिणं विकणाऱ्या जागेत लोकांना नाचू द्यायचं तर परवाना लागायचा. (हा कायदा रद्द झाला २०१७ मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा.) शिवाय दोन पुरुष एकमेकांबरोबर नाचताना दिसले तर पोलिसांची भीती होतीच. जून १९६९ मध्ये स्टोनवॉल इन या बारवर धाड पडली, तेव्हा गिऱ्हाइकं पळाली नाहीत, उलट पोलिसांना भिडली.

त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी, १४ फेब्रुवारी १९७० ला, डेव्हिड मँकुसोने ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या घरी नाचाची पार्टी दिली. पुढे त्या जागेला ‘द लॉफ्ट’ म्हणू लागले. दारू नाही. फळं, सरबत, उत्तम स्पीकर आणि दोन-तीन डॉलर वर्गणी. आमंत्रण असेल तोच आत. पण आमंत्रण मिळालेले कोण? काळे, गोरे, लॅटिनो, समलिंगी, स्त्रिया, खिशात फारसं काही नसलेले, असे सगळे. आता गंमत बघा. दारू न विकण्यात तत्त्व होतं, तशी सोयही होती. विक्रीच नाही, तर परवाना कशाचा? पुढे शहराच्या अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली, तिथे मँकुसोचा हाच मुद्दा टिकला.

नाचणाऱ्यांची एक अडचण मात्र होती. सात इंची तबकडीवरचं गाणं तीन-चार मिनिटांत संपायचं. अंगात लय भिनते न भिनते तोच खलास. एकदा टॉम मोल्टनला नमुना कापून घ्यायला सात इंची कोरी तबकडी मिळाली नाही, म्हणून मोठी वापरली. खाचांना ऐसपैस जागा मिळाली आणि आवाज दणदणीत झाला. १९७६ मध्ये डबल एक्स्पोजरचं ‘टेन पर्सेंट’ बारा इंची तबकडीवर विक्रीला आलं. वॉल्टर गिबन्सने ते जवळपास दहा मिनिटांचं केलं होतं.

एप्रिल १९७७ मध्ये स्टुडिओ ५४ उघडला. बाहेर मखमली दोर, आणि चेहरे-कपडे बघून कोणाला आत सोडायचं ते ठरवायला खुद्द मालक स्टीव्ह रुबेल. वर्तमानपत्रांतले फोटो इथलेच, त्यामुळे जग यालाच डिस्को समजलं. आम्हाला विचाराल तर नाचाच्या इतिहासात ही जागा तितकीशी महत्त्वाची नाही.

मग आला १२ जुलै १९७९. शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलचे दोन सामने होते. डिस्कोची तबकडी आणणाऱ्याला तिकीट फक्त ९८ सेंट. मधल्या वेळात रेडिओ निवेदक स्टीव्ह डालने त्या तबकड्या स्फोटाने उडवल्या, हजारो लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना झालाच नाही. तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा होता. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेली, पण काळ्या गायकांची कितीतरी गाणी आहेत, हे त्याच्या लक्षात आलं.

त्याच शहरात वेअरहाउस या क्लबात फ्रँकी नकल्स तेव्हाही लोकांना रात्रभर नाचवत होता. त्या क्लबावरून पुढच्या संगीताला ‘हाउस’ हे नाव पडलं. हाउसच्या अगदी पहिल्या तबकड्यांत गणली जाणारी ‘ऑन अँड ऑन’ १९८४ मध्ये निघाली. जेसी सॉन्डर्सबरोबर ती रचणारा दुसरा तरुण म्हणजे कोमिस्की पार्कातला हाच व्हिन्स लॉरेन्स.