हिवरे बाजार, भुईकोट किल्ला आणि रणगाड्यांचं म्युझियम : नगरची एका दिवसाची सहल नेमकी कशी करायची?

'नगरला बघण्यासारखं काय आहे?' असं नगरकराला विचारलं तर बऱ्याचदा उत्तर येतं, 'शिर्डी आणि शिंगणापूर.' गंमत म्हणजे ही दोन्ही ठिकाणं शहरात नाहीत. पुण्या-मुंबईहून निघालेल्या गाड्या शहराला वळसा घालून पुढे जातात. हिवरे बाजारला येणारे अभ्यास दौरेही गाव बघून, पोपटराव पवारांसोबत फोटो काढून परत फिरतात.

पण हिवरे बाजारपासून साधारण १७ किलोमीटरवर असलेल्या या शहरात दुसऱ्या महायुद्धाच्या दोन आठवणी आहेत. एक भुईकोट किल्ल्यातल्या खोल्यांमध्ये आणि दुसरी रणगाड्यांच्या म्युझियममध्ये. युद्ध एकच, पण आठवणी एकमेकींच्या अगदी विरुद्ध. दोन्ही एका दिवसात बघता येतात आणि खरं तर एका दिवसातच बघायला हव्यात. का, ते पुढे बघू.

(शहराचं आणि जिल्ह्याचं अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे. बोलताना लोक अजूनही 'नगर'च म्हणतात, म्हणून या लेखातही तेच वापरलंय.)

सकाळ : हिवरे बाजार

सुरुवात गावापासून करा. सकाळी ऊन कमी असतं आणि इथे पायी फिरायचं असतं.

गोष्ट थोडक्यात अशी. हे गाव अवर्षणग्रस्त पट्ट्यात आहे. इथे सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेलं. विहिरी आटल्या, डोंगर बोडके झाले, माणसं कामासाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. मग डोंगरावर समतल चर खोदले गेले, झाडं लावली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण इथे बघण्यासारखी खरी गोष्ट आहे ती पाण्याचा ताळेबंद. दरवर्षी पाऊस किती पडला ते गाव मोजतं. त्यातलं किती पाणी जमिनीत मुरलं, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं बसतील, याचा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि ऊस, केळी लावायची नाही, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतलेत.

सोबत गावातला माणूस असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा : 'ज्या वर्षी पाऊस कमी झाला, त्या वर्षी तुम्ही काय लावलं नाही?' या उत्तरातून गाव जेवढं समजतं, तेवढं कुठल्याही रीलमधून समजत नाही.

साडेदहाच्या सुमारास शहराकडे निघा.

अकराच्या सुमारास : भुईकोट किल्ला

भुईकोट म्हणजे डोंगरावर नाही, तर सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला. नगरचा किल्ला जवळपास गोल आहे. त्याचा घेर सुमारे १.७ किलोमीटर आणि भोवती रुंद खंदक. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि पुढे या शहराला त्याचंच नाव मिळालं. सुरुवातीला मातीचा असलेला हा किल्ला हुसेन निजामशहाच्या काळात, १६ व्या शतकाच्या मध्यानंतर, दगडात बांधला गेला.

१५९५-९६ मध्ये मुघलांनी वेढा घातला, तेव्हा चांदबिबीने हाच किल्ला लढवला. वऱ्हाड देऊन तह झाला आणि वेढा उठला. १६०० मध्ये मुघल पुन्हा आले. त्या वेळी चांदबिबीला तिच्याच लोकांनी मारलं आणि किल्ला पडला. पुढे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे नंतर नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, तो शिंद्यांकडून घेतला.

इंग्रजांनी या किल्ल्याचा आणि छावणीचा वापर कैद्यांसाठी वारंवार केला. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर कैदी नगरला आणले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन कैद्यांची मोठी छावणी इथे होती. आणि दुसऱ्या महायुद्धात आले काँग्रेसचे नेते.

नेत्यांना नगरलाच का आणलं?

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. भारतीय नेत्यांना न विचारता. काँग्रेसचं म्हणणं होतं की जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढायचं, तर आधी आम्हाला स्वातंत्र्य द्या. तीन वर्षं चर्चा झाल्या आणि फिसकटल्या. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच अटकसत्र सुरू झालं.

एका खास रेल्वेने सगळ्यांना मुंबईतून हलवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. कार्यकारिणीचे सदस्य पुढे नगरला आले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष, पट्टाभी सीतारामय्या, हरेकृष्ण महताब आणि सय्यद महमूद असे बारा जण इथे होते.

जपानी सैन्य तेव्हा ब्रह्मदेशापर्यंत पोचलं होतं. अशा वेळी हे नेते लोकांपासून तुटलेले राहावेत, हा सरकारचा हेतू होता. त्यासाठी खंदक आणि लष्करी पहारा असलेला किल्ला सोयीचा होता. कुणावरही खटला चालला नाही. यातले बहुतेक जण इथे अडीच वर्षांहून जास्त काळ होते.

त्या खोल्यांमध्ये काय घडलं?

नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या काळात इथे 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. दूरदर्शनवरची श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' मालिका याच पुस्तकावरची. एवढं गाइड सांगतोच. पण इथे तेवढंच एक पुस्तक लिहिलं गेलं नाही. हरेकृष्ण महताब यांनी ओडिशाचा इतिहास इथे लिहिला. पट्टाभींचं लेखन चालू होतं. मौलाना आझाद 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहीत होते. ज्या मित्राला ती लिहिली, त्याच्यापर्यंत ती पोचणार नाहीत हे माहीत असूनही. त्यात चहावर पानंच्या पानं आहेत, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या आहेत. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला त्यांनी 'चीताखान' असं टोपणनाव ठेवलं होतं. चांदबिबीच्या काळात किल्ल्यावर असलेल्या अधिकाऱ्याचं ते नाव.

याच पत्रांमध्ये एक जड पत्र आहे. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असल्याची बातमी आली होती. भेटीसाठी सरकारकडे विनंती करायची तर करता आली असती. आझादांनी ती केली नाही. सुटून घरी गेले तेव्हा भेटायला फक्त कबर होती.

किल्ल्यात गेल्यावर खोल्या लहान दिसतात, फर्निचर साधं दिसतं आणि लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात. ही एक गोष्ट माहीत असेल तर जरा जास्त वेळ थांबाल.

दुपार : रणगाड्यांचं म्युझियम आणि फराह बाग

शहरात जेवण उरकून सोलापूर रस्त्याकडे निघा. इथे लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ मध्ये ते सुरू झालं. ते चालवणारं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून नगरमध्ये आहे. भारतीय लष्कराच्या रणगाडा दलातले अधिकारी आणि जवान इथेच तयार होतात.

म्युझियममध्ये देशोदेशीचे पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, ब्रिटिश मटिल्डा आणि चर्चिल आहेत, जपानी आणि जर्मन वाहनं आहेत, भारतात बनलेला 'विजयंता' आहे. १९६५ च्या युद्धात हाती लागलेले पाकिस्तानचे पॅटन रणगाडेही आहेत. (याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे त्या युद्धात खेमकरण भागात लष्करी गाडीवर चालक होते.)

आता मघाचा मुद्दा. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय ब्रिटिशांच्या सैन्यात होते. मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेइक्तिलासाठी मोठी लढाई चालू होती आणि त्यात 'रॉयल डेक्कन हॉर्स'सारख्या भारतीय रणगाडा रेजिमेंट जपान्यांशी लढत होत्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेला नेहरूंना नगरच्या किल्ल्यातून दुसऱ्या तुरुंगात हलवलं.

म्हणजे एकीकडे भारतीय जवान त्या युद्धात मरत होते आणि दुसरीकडे 'आम्हाला न विचारता हे युद्ध आमच्यावर लादलं' म्हणणारे भारतीय नेते कैदेत होते. यातलं कोण बरोबर, असा वाद सोशल मीडियावर अधूनमधून पेटतो. नगरमध्ये दोन्ही जागा एकाच दिवशी बघितल्या की लक्षात येतं, दोन वर्षांनी स्वतंत्र झालेल्या देशाला दोघांचीही गरज पडली. तुरुंगातले नेते सरकारमध्ये गेले आणि तीच रेजिमेंट भारताची झाली.

'फामागुस्ता' कुणाचा रणगाडा?

नगरच्या या केंद्रात जतन केलेल्या वाहनांमध्ये एक नाव आवर्जून विचारा : 'फामागुस्ता'. हा पूना हॉर्सचा सेंच्युरियन रणगाडा आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा.

खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. जून १९७१ मध्ये ते लष्करात अधिकारी झाले. तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ते नगरलाच होते, तेव्हा युद्धाची चिन्हं दिसू लागली आणि त्यांना रेजिमेंटमध्ये परत बोलावलं गेलं. १६ डिसेंबर १९७१ ला शकरगड भागात बसंतर नदीजवळ पाकिस्तानी रणगाड्यांशी गाठ पडली. त्यांच्या रणगाड्याला आग लागली. बाहेर पडायचा हुकूम रेडिओवरून आला. आपली तोफ अजून चालू आहे, असं सांगून त्यांनी रणगाडा सोडायला नकार दिला. त्यातच ते गेले. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली होती.

श्रीराम राघवन यांचा 'इक्कीस' हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. पण चित्रपटाइतकीच मोठी गोष्ट तीस वर्षांनंतर घडली. २००१ मध्ये त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलं मूळ गाव बघायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्या घरी ते उतरले होते, त्या पाकिस्तानी ब्रिगेडियरने त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला.

रणगाड्यासमोर फोटो सगळेच काढतात. काढा. पण त्याआधी पाटी वाचा.

म्युझियमच्या जवळच फराह बाग आहे. तलावाच्या मधोमध बांधलेला निजामशाहीतला महाल. आज तो पडझडीत उभा असला तरी आतला उंच घुमट बघण्यासारखा आहे.

संध्याकाळ : 'चांदबिबीचा महाल', जो चांदबिबीचा नाही

शहराच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्याला डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री दुसरा सलाबत खान याची कबर आहे. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. सूर्यास्ताला इथून सगळं नगर दिसतं, म्हणून हा टप्पा शेवटी ठेवा.

गाइडने 'राणी इथे राहायची' असं सांगितलं तर भांडू नका, तळघरातली कबर दाखवायला सांगा.

निघण्याआधी हे वाचा

• किल्ला आणि म्युझियम दोन्ही लष्कराच्या ताब्यात आहेत. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र सोबत हवं. प्रवेशाच्या वेळा आणि नियम बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करा.

• किल्ल्यात आणि छावणीच्या भागात विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. ड्रोन तर नकोच.

• मोठा ग्रुप असेल तर हिवरे बाजारला ग्रामपंचायतीला आधी कळवा. ते चालतं-बोलतं गाव आहे. घरांमध्ये, शेतांमध्ये न विचारता शिरू नका.

• स्वतःची गाडी असेल तर सगळं आरामात जमतं. एसटीने आलात तर माळीवाडा स्टँडवर उतरून दिवसभरासाठी रिक्षा ठरवा.

• वेळ कमी पडला तर फराह बाग आणि डोंगर सोडा. किल्ला आणि म्युझियम मात्र एकाच दिवशी बघा. आणि त्याच क्रमाने, आधी खोल्या, मग रणगाडे.