थोडं पोर होऊन बघा

ऊसतोडीची पाळी लांबली, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, की माणूस घरात नुसता धुमसतो. राग निघतो पोरांवर. आपल्याकडं नागपंचमीला झोके, झिम्मा, फुगडी असतात. त्यात पोरीबाळींबरोबर सासवाही उतरतात. फुगडीत दम लागतो, तोल सांभाळावा लागतो, मग घटकाभर तरी काळजीला मनात जागाच उरत नाही. कर्ज त्यानं फिटत नाही, पण डोकं ताळ्यावर येतं. पुरुष मंडळींना मात्र लाज आडवी येते (पारावर पत्ते कुटताना ती कुठं जाते, कोण जाणे!). संयुक्त राष्ट्रांनी २०२४ साली ११ जून हा खेळाचा दिवस ठरवला, तोही मुख्यतः मुलांसाठीच. पोरं विटीदांडू घेऊन अंगणात आली, तर खेकसू नका. दांडू मागून घ्या, एकदा विटी कोलून बघा. हुकली तर पोरं हसतील, हसू द्या.