टेप भरली, पण परत येईल का?

बॅकअपसाठी संगणकाला जोडलेली टेप ड्राइव्ह दिसली नाही, तर लगेच तिला दोष देऊ नका. जुन्या स्कझी जोडणीत संगणक बंद करून आधी दोन गोष्टी पाहाव्यात. एका केबलवरच्या प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा हवा. ७ हा बहुधा कंट्रोलरचा असतो. केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा, नाहीतर संदेश डोंगरातल्या हाकेसारखा उलट फिरतो.

ड्राइव्ह दिसली, तरी काम संपत नाही. आमच्या कार्यालयात टेप रोज भरायची. डिस्क बिघडली, तेव्हा एकही फाइल परत उतरेना. हिशेबांबरोबर माझ्या कविताही गेल्या. म्हणून पहिल्याच दिवशी एक फाइल टेपवरून उतरवून, उघडून वाचा.