सोलापूरचा हापसा

मैंदर्गी म्हणजे अक्कलकोट तालुक्याचा कन्नड-मराठी मिसळलेला कोरडा मुलूख, जमिनीखाली काळा पाषाण. विहिरीवर पूर्वी मोट चालायची: उताराच्या धावेवर बैल खाली निघाले की नाडा ताणायचा, कातड्याची मोट वर यायची, सोंडेला बांधलेला सोंदूर ओढला जाऊन सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची. पण सहा इंची बोअरमध्ये मोट कशी उतरणार?

तिथे हापसा लागतो. वरून ओढून पाणी फार तर सात-आठ मीटर चढतं, कारण त्याला वर ढकलतो तो हवेचा दाबच. म्हणून खोल बोअरमध्ये सिलिंडर थेट पाण्यात सोडतात. दांडा दाबला की सळईला जोडलेला दट्ट्या पाणी उचलतो आणि खालची झडप ते परत जाऊ देत नाही.

जुने ओतीव लोखंडी पंप सारखे मोडत. सोलापुरात तयार झालेल्या पंपाने दांड्याला साखळी जोडली आणि सळई सरळ रेषेतच खेचली जाऊ लागली. युक्ती एवढीशीच, पण १९७०च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने झालेला ‘इंडिया मार्क टू’ याच पंपावर बेतला, आणि तो आफ्रिकेपर्यंत पोचला. सोलापूरकर चादरीचा अभिमान सांगतात, याचा कुणी सांगत नाही!

सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत हा पंप कामाचा. दहा-वीस हापसे मारूनही पाणी येत नसेल, तर बोअर आटली असं लगेच समजू नका. आधी दट्ट्याचा वायसर आणि खालची झडप तपासून घ्या.