टोळी निघण्याआधी व्हीलचेअर तपासा

दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. घरात कुणी व्हीलचेअरवर असेल, तर त्या माणसाला अनेकदा म्हाताऱ्या आईवडिलांच्या भरवशावर ठेवून जावं लागतं. हंगामात खुर्ची मोडली, तर ती तालुक्याला न्यायला घरात धडधाकट माणूस नसतो. म्हणून भादव्यातच ती नीट तपासून घ्यावी.

आधी मागची चाकं पाहा. हवेचे टायर असतील तर आपल्याकडचे सराटे आणि बाभळीचे काटे त्यांना टिकू देत नाहीत. पंक्चर, ट्यूब, तारा ही कामं गावातला सायकलवालाही करतो. पण एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. या खुर्चीचा ब्रेक बहुधा टायरवरच दाबून बसतो. हवा कमी झाली की ब्रेक लावलेला दिसतो, तरी चाक सरकतं, आणि खाटेवर सरकताना माणूस पडतो. हवेचा पंप घरातच असू द्या.

पुढची लहान चाकं खडीच्या रस्त्यावर लवकर झिजतात. खुर्ची आडवी करून चाक हातानं फिरवा. अडलं, तर आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे काढा. तरीही खरखर आली, तर बेअरिंग गेलं समजा. जुनं बेअरिंग हातात घेऊनच दुकानात जा, म्हणजे माप चुकत नाही.

बॅटरीच्या तीनचाकीचं दुखणं निराळं. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती पुन्हा पुरती भरत नाही. गाडी वापरली त्याच दिवशी चार्जिंगला लावा. वीज गेली असेल तर आल्याबरोबर लावा. गाडी नुसती उभी असली तरी अधूनमधून चार्ज करत राहा. उन्हाळ्यात बॅटरी उन्हात ठेवू नका.

सगळ्यात जपायची ती गादी. फोम बसला, की हाडाखालची कातडी दबून रक्तपुरवठा थांबतो, आणि मणक्याला इजा झालेल्या माणसाला ते कळतही नाही. बसलेल्या माणसानं दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावं. जमत नसेल तर पुढं किंवा बाजूला वाकून थोडा वेळ भार काढावा. सांभाळणाऱ्या आजीला त्याला उचलणं झेपत नाही, पण वाकवून धरणं बऱ्याचदा जमतं. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली, तर त्या जागेवर बसणं बंद करा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. जखम उघडी पडेपर्यंत थांबू नका.

आता मदतीचं. केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आणि उत्पन्नाची अट यांवर साधनं मिळतात. पण त्याच कामासाठी पुन्हा मदत साधारण तीन वर्षांनी मिळते. खडीवरची खुर्ची तेवढी थांबत नाही. वाटपाच्या शिबिरात साधन मिळतं, दुरुस्तीवाला मात्र गावापर्यंत येत नाही. माझ्या मते खरी उणीव तीच आहे. शिबिरातले सगळे कागद आणि साधनावरच्या क्रमांकाचा फोटो तरी जपून ठेवा.

घरात सांभाळणाऱ्या माणसाचा विचारही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला कलम 38 खाली अर्ज करता येतो, आणि कलम 24 मध्ये काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला टोळ्या बहुतेक गावातच असतात. त्या दिवशी उभं राहून ट्यूब, बेअरिंग, गादी आणि बॅटरीच्या खर्चाची मागणी ठरावात लिहून घ्या.